खिशातली सुई

सुई टोचली तेव्हा मी सगळ्यात आधी बोट तोंडात घातलं. कुणीही घालेल. काटा रुतला, शिवणाची सुई लागली की बोट आपोआप तोंडात जातं. पण ही शिवणाची सुई नव्हती. न धुताच इस्त्रीला आलेल्या एका जीन पँटच्या मागच्या खिशात मी हात घातला, आणि हात बाहेर आला तो इंजेक्शनची सुई बोटात घेऊनच. टोपण नाही, कागद नाही. सिरिंजच्या आत वाळलेल्या रक्ताची तांबडी रेघ.

शनिवारची सकाळ होती. कळव्याला सुखनिवास सोसायटीच्या जिन्याखाली माझं इस्त्रीचं टेबल होतं. कोळसा नुकताच फुलला होता आणि टेबलावर सोसायटीतल्या घरांचे गठ्ठे पडले होते. मी इस्त्री बाजूला उभी केली, ती सुई बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावलं आणि डबा घेऊन सोसायटीच्या भिंतीला लागून असलेल्या सिस्टरच्या गाळ्याकडे पळत सुटले.

आमच्या धंद्यात खिसे तपासावेच लागतात. नाही तपासले तर पेनाची शाई पसरते, नोट करपते, आणि बोलणी आपल्याला बसतात. जे निघेल ते कागदात बांधून घडी घातलेल्या कपड्यांवर ठेवायचं आणि कुणाच्या खिशात काय निघालं ते कुणाला सांगायचं नाही, हा माझ्या सासूनं घालून दिलेला नियम. सिनेमाची तिकिटं निघायची, नापास झाल्याच्या मार्कशीटा निघायच्या. एकदा एका काकांच्या सदऱ्यात मोगऱ्याचा गजरा निघाला, आणि त्यांच्या घरात गजरा माळणारं कुणी नव्हतं. मी तोही कागदात बांधून दिला. काका महिनाभर माझ्याकडे बघायचे नाहीत. तेव्हा ती पँट कुणाची होती हे मी तुम्हालाही एवढ्यात सांगणार नाही.

गाळ्यात फिलोमिना सिस्टर होत्या. वसईच्या, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की बाहेरची कुत्री उठून जायची. टोचून घेऊन नशा करणाऱ्या पोरांसाठी एका संस्थेनं तो गाळा घेतला होता. पोरांनी वापरलेली सुई आणायची, जाड प्लॅस्टिकच्या पांढऱ्या डब्यात टाकायची आणि नवी, बंद पाकिटातली घेऊन जायची. जखमा झाल्या असतील तर सिस्टर धुऊन पट्टी करायच्या. ज्याला पावडर सोडायची असेल त्याला दवाखान्यात न्यायच्या. सोडायची नसेल त्यालाही हाकलून द्यायच्या नाहीत, आणि लोकांचा राग होता तो नेमका ह्याच गोष्टीवर.

मी बोट पुढे केलं तशी त्यांनी मला नळाखाली ओढलं. साबण लावून धार सोडली आणि बोट दाबायचं नाही, चोखायचं नाही म्हणून दम भरला. मी म्हटलं, चोखून झालंय. त्यांनी कपाळावर हात मारला आणि मला तोंड धुवायला लावलं.

"सुई कुणाची?" त्यांनी विचारलं.

"ते नाय सांगायची."

"चंद्राबाई, अहो त्या मुलाची तपासणी झाली तर तुमच्याच जिवाचा घोर कमी होईल."

"माझ्या जिवाचं मी बघंन. धंद्याचा नियम हाये."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता ही बाई माझ्या कानाखाली देणार असं वाटलं. पण त्यांनी गाळ्याला कडी घातली, रिक्षा थांबवली आणि मला घेऊन सरकारी दवाखान्यात निघाल्या. एड्स होऊ नये म्हणून महिनाभर रोज गोळ्या खायच्या, मळमळ होईल, चक्कर येईल, एकही चुकवायची नाही, असं त्या रस्ताभर बजावत होत्या. मी ऐकत होते, पण मनात एकच चाललं होतं. मला काही झालं तर महेंद्रचं कोण करणार?

महेंद्र माझा मुलगा. एकुलता एक. बाप गेल्यावर वर्कशॉपमधली नोकरी धरली, ती सुटली आणि पावडर धरली. आधी ओढायचा, मग टोचायला लागला. मी रडले, मारलं, देव केले, गावाला नेऊन ठेवला. परत येऊन तेच. मग मी माझ्या डोक्यानं एक उपाय काढला. खाडीकडच्या पडक्या शेडमध्ये पोरं एकाचीच सुई सगळे वापरतात हे कळल्यावर मी रोज त्याच्या खिशातून सुई काढायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. उष्णतेनं सगळं मरतं अशी माझी पक्की समजूत. लोकांचे कपडे मी त्याच भरवशावर कडक करून देत होते. प्लॅस्टिक वितळायचं, सुई बोथट व्हायची, आणि पोराच्या हाताला गळवं यायची. वर शेडमधली पोरं म्हणायची, मह्याच्या आईनं इस्त्री केलेली सुई आहे, बिनधास्त घ्या.

हे सिस्टरच्या कानावर गेलं आणि त्या तडक माझ्या टेबलापाशी आल्या. मीही तोंडाची फटकळ. तुम्हीच सुया वाटून पोरं बिघडवता असं मी त्यांना भर रस्त्यात सुनावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सुई मिळाली म्हणून कुणी सुरू करत नाही, चंद्राबाई. आणि सुई मिळाली नाही म्हणून कुणी थांबतही नाही. तुमचा मुलगा सोडेपर्यंत जिवंत राहायला हवा. मी तेवढंच करते." मग त्या महेंद्रला घेऊन गेल्या आणि त्याच्या रक्ताची तपासणी केली. काही निघालं नाही. त्याच्याबरोबरच्या दोघांचं निघालं, आणि त्यातला बाळ्या पुढच्या पावसाळ्यात गेला. बाळ्याची आई माझ्याकडून पांढरी साडी इस्त्री करून घेऊन गेली, तेव्हापासून त्या गाळ्याविरुद्ध कुणी बोललं की मी त्याच्या अंगावर जायची.

आणि आता सोसायटीला तोच गाळा बंद करायचा होता. रविवारी गच्चीवर मीटिंग ठरली होती. सगळ्यांच्या संमतीनं तक्रार पालिकेत द्यायची आणि गाळ्याच्या मालकाला भाडेकरू काढायला लावायचं, असा बेत होता. बेत सेक्रेटरी पेडणेकर साहेबांचा. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, शर्टाची कॉलर जराशी मऊ राहिली तरी परत पाठवणार. माणूस वाईट नव्हता. माझा नवरा गेला तेव्हा जिन्याखालची जागा माझ्या नावानं चालू ठेवावी म्हणून तेच भांडले होते. म्हणूनच मला जड जात होतं.

दवाखान्यातून परत आले तेव्हा ते टेबलापाशी उभेच होते. शर्ट तयार नव्हते. मी पट्टी बांधलेलं बोट पदराखाली घेतलं. ते म्हणाले, राहू दे शर्ट, उद्याच्या मीटिंगचं बोलायचंय. गाळ्याच्या सगळ्यात जवळ माझं टेबल, तेव्हा माझ्या शब्दाला वजन आहे. पोरं येता जाता त्रास देतात, शिव्या देतात, भीती वाटते, एवढंच मी उभं राहून सांगायचं.

"त्यात तुमच्या मुलाचंही भलंच आहे," ते म्हणाले. "सुई मिळेनाशी झाली की येईल शुद्धीवर. आणि ह्या जागेचं दर वर्षी मीच सगळ्यांना समजावतो, हे तुम्हाला माहीत आहे."

मला चांगलंच माहीत होतं. मी म्हटलं, येते मीटिंगला. काय बोलणार ते मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. हो म्हणायची सवय असलेल्या बाईला कोण कशाला विचारेल?

संध्याकाळी घरी महेंद्रनं पट्टी बघितली. सुई कशी टोचली ते मी सांगितलं, कुणाची ते नाही. पण पँट कसली होती विचारल्यावर माझ्या तोंडून निळी, गुडघ्यावर पांढरी पडलेली, असं निघून गेलं. महेंद्र जेवता जेवता थांबला.

"तो होय," तो म्हणाला. "तो आमच्यात येतो, आई. पण गाळ्यात पाय ठेवत नाय. घरच्यांनी बघितलं तर जीव घेतील म्हणतो. ज्याची मिळंल त्याची सुई घेतो. मी माझी नवी देतो कधी कधी, पण माझ्याकडं रोज कुठून जास्तीची असणार?"

मी त्याला विचारलं, त्या बाळ्याची घेतली होती का ह्यानं? महेंद्रनं ताटाकडे बघतच होकाराची मान हलवली. पँटवालं ते पोर मी लहानपणापासून बघितलेलं. शाळेचा पांढरा शर्ट, त्यावर शाईचे डाग, आणि डाग गेले नाहीत तर आई मारेल म्हणून माझ्यापुढे रडणारं. मला त्याचा राग येत नव्हता. मला राग येत होता तो गच्चीवर सतरंज्या घालून त्याच्या मरणाची तयारी करणाऱ्या सगळ्यांचा, आणि त्यांना आपण काय करतोय हे कळतही नव्हतं.

रविवारी सकाळी मीटिंगच्या आधी मी गाळ्यात गेले. सिस्टरला रविवारची सुट्टी नसायची. नशेला कुठे सुट्टी असते, असं म्हणायच्या. मी म्हटलं, मला नव्या सुया द्या, आणि जुनी टाकायला एक छोटा डबा द्या.

"महेंद्रसाठी?"

"नाय. दुसऱ्या एकासाठी."

त्या म्हणाल्या की तसं देता येत नाही. इथं ज्याचं नाव लिहिलंय त्यालाच सुया मिळतात, वरून तपासायला माणसं येतात. त्या मुलाला घेऊन या. मी म्हटलं, तो येणार नाही. त्या म्हणाल्या, मग नाव तरी सांगा, मी स्वतः त्याला भेटते.

"नाव लिवायचं तर माझं लिवा," मी म्हटलं.

सिस्टरनी नावांचा कागद पुढे ओढला. त्या कागदावर नशा करणाऱ्याचं नाव लिहितात हे मला ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठाऊक आहे. चंद्राबाई परीट, कळवा, लिहा. तपासायला कोण येईल त्याला माझ्याकडे पाठवा, मी बघते त्याच्याकडे. त्या हसल्या नाहीत. पेन उचललं, माझं नाव लिहिलं आणि छोटा डबा नि पाकिटं माझ्या हातावर ठेवली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई आणि मी एका जातीच्या आहोत.

पाकिटं कमरेच्या पिशवीत खोचून मी गच्चीवर गेले. सगळी सोसायटी जमली होती. पेडणेकर साहेबांनी चांगलं लांबलचक भाषण केलं. गल्लीत सुया सापडतात, मुलं खेळायची कशी, घरांच्या किमती पडल्या, वगैरे. गल्लीतल्या सुया गोळा करायला सकाळी चिमटे आणि बादली घेऊन फिरणारी पोरं गाळ्याचीच होती, पण तेवढ्या लवकर सोसायटीतलं कुणी उठत नसल्यामुळे ते कुणी बघितलेलं नव्हतं. एकेक जण उठून बोलला. मग साहेब म्हणाले, आता आपल्या चंद्राबाई सांगतील.

मी उठले. चारचौघांत उभं राहून बोलायची माझी ती पहिलीच वेळ. पण बोट वर केलं आणि आवाज आपोआप निघाला.

"काल मला सुई टोचली," मी म्हटलं. "गाळ्यातल्या पोरांची नाय. ती पोरं मला ताई म्हणतात. सुई होती ह्या सोसायटीतल्या एका घरच्या कपड्यात. खिशात."

मग सगळे एकाच वेळी बोलायला लागले. कुणाच्या, कुणाच्या? सामंत वहिनींनी तर नाव सांगितल्याशिवाय इथून हलायचं नाही म्हणून फर्मान काढलं.

"मेले तरी नाव सांगायची नाय," मी म्हटलं. "आजवर तुमच्यातल्या कुणाचं काय निघालं ते दुसऱ्याला कळलं का? नाय ना? मग हे पण नाय कळायचं. पण घरी पोरं असतील त्यांनी आज आपल्या पोराच्या तोंडाकडं नीट बघा."

साहेब म्हणाले, चंद्राबाई, विषयावर बोला. मी म्हटलं, विषयावरच आहे. मग मी कमरेची पिशवी सोडली आणि पाकिटं सगळ्यांना दिसतील अशी हातात धरली.

"गाळ्याला कुलूप लावा. खुशाल लावा. पण कपडे माझ्याकडंच येणार. ज्या खिशात जुनी सुई निघंल ती मी काढून घेईन, आन तिथं ही नवी ठेवीन. बंद पाकिटातली. रोज निघाली तर रोज ठेवीन. तुमचं पोर सुई टोचायचं कवा सोडंल ते मला नाय ठाऊक. पण दुसऱ्याची सुई टोचून ते मरणार नाय, एवढं मी बघंन. ज्याला हे नको असंल त्यानं आपापल्या घरी इस्त्री करावी."

पेडणेकर साहेबांचा चेहरा लाल झाला. आजवर मला तुम्ही म्हणणारा माणूस एकदम एकेरीवर आला.

"तू आम्हाला धमकी देतेस?"

"धमकी नाय साहेब, सुई हाये," मी म्हटलं. "बाळ्याला मिळाली असती तर आज असता."

उद्याच्या उद्या टेबल उचल, असं ते म्हणाले. मी म्हटलं, उचलते, दारोदार जाऊन गठ्ठे नेईन. मग त्यांनी तक्रारीच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. पुरुषांचे काही हात वर गेले, तेही अर्धवट. बायकांतली एकही हात वर करेना. सगळ्या मांडीवर हात ठेवून खाली बघत बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मनात घरचं कपाट उघडलेलं होतं, हे मला समोरून दिसत होतं. पेडणेकर वहिनी मागे कठड्याला टेकून उभ्या होत्या. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही हात वर केला नाही. ठराव पुढच्या रविवारवर गेला आणि लोक भराभर पांगले.

सोमवारी मी टेबल उचललं नाही. उचलायला कुणी आलं तर बघू, म्हणून कोळसा पेटवला आणि बसले. वाटलं होतं, आज एकही गठ्ठा यायचा नाही. पण बायका आल्या. आणि गंमत अशी की जी ती माझ्यासमोर आपल्या घरचा एकेक खिसा उलटा करून दाखवत होती. सामंत वहिनींनी तर सासऱ्यांच्या धोतराची गाठसुद्धा झटकली. मला हसू आवरेना. मी म्हटलं, वहिनी, धोतराला खिसा नसतो. त्या म्हणाल्या, असू दे, आपलं मन स्वच्छ.

सगळ्यात शेवटी पेडणेकर वहिनी आल्या. गठ्ठा छातीशी धरलेला. डोळे सुजलेले. चार बायका अजून तिथंच घुटमळत होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या.

"ही निळी पँट माझ्या चिन्मयची. खिसा मी बघितलेला नाही. तुम्हीच बघा, चंद्राबाई." मग त्यांनी माझा हात धरला आणि पट्टीकडे बघितलं. "आणि त्याच्या पापानं तुम्हाला काही झालं, तर तुमचं सगळं करायला मी तुमच्या दारात येऊन बसेन."

वहिनींनीच चारचौघींत सांगितलं, म्हणून आता मीही सांगते. शनिवारची पँट तीच होती. मी म्हटलं, मला काय होतंय, गोळ्या चालू आहेत. झालंही काही नाही पुढे. पण त्या घडीला ते मला माहीत नव्हतं, आणि तरी मी हसून बोलले, कारण त्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पँटच्या खिशात हात न घालता मी तो चिमट्यानं उघडला. जुनी निघाली. डब्यात टाकली. पँट कडक इस्त्री केली आणि मागच्या खिशात नवी पाकिटं ठेवून वरून बटण लावलं. संध्याकाळी गठ्ठा द्यायला मी स्वतः वर गेले. दार साहेबांनी उघडलं.

मी गठ्ठा त्यांच्या हातावर ठेवला, निळी पँट सगळ्यात वर. त्यांचा तळवा खिशावर पडला आणि आतलं पाकीट हाताला लागलं असणार, कारण ते तसेच उभे राहिले. मला वाटलं आता गठ्ठा माझ्या अंगावर फेकणार. फेकला तर उचलून परत देईन अशा तयारीनं मीही उभी होते. आतल्या खोलीत चिन्मय खोकला. साहेबांनी मागे वळून त्या दाराकडे बघितलं आणि गठ्ठा दोन्ही हातांनी पोटाशी घेतला.

"आणि जुनी कुठं द्यायची?" त्यांनी हळूच विचारलं.

"गाळा उघडा राहिला तर गाळ्यात," मी म्हटलं.